शून्य मिलिमीटर

कुंदा गजभियेला हिंदी मुलखातल्या मुलींच्या एका कॉलेजात ‘अतिथी विद्वान’ म्हणत. आता अतिथी म्हणजे काय, तर दरवर्षी नव्याने ठेवायचा, नाहीतर वाटेला लावायचा. यंदा तिची नोकरी आणि तिचा ‘हवामान व पृथ्वी प्रणाली’ हा कोर्स, दोन्ही तपासणी समितीच्या एका शेऱ्यावर लटकले होते. कोर्स बंद, तर अकरा पोरी अर्ध्यातून घरी.

गोम होती पर्जन्यमापकात. विभागप्रमुख भय्यासाहेबांनी तो व्हरांड्यात, पत्र्याखाली बसवून घेतला होता. "सरकारी वस्तू आहे मॅडम. बाहेर ठेवली तर पावसात खराब होईल. जवाब कोण देईल?"

कुंदाने तीन अर्ज दिले. तिन्ही ‘पाहिले’ अशा शेऱ्यानिशी परत आले. मग तिने घरच्या गच्चीवर स्वतःचा मापक मांडला आणि रोज सकाळी साडेआठचा आकडा वहीत टिपू लागली. विभागाच्या रजिस्टरात मात्र शिपाई टिकाराम दोन वर्षं इमानाने शून्य लिहीत होता. तो बिचारा खोटं काहून लिहील? मापकात पाणीच नव्हतं.

समिती आली त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की गाडी फाटकाशीच अडली. अध्यक्ष हेमचंद्रजींनी पँटचे पाय पिळले, चहा घेतला आणि रजिस्टर उघडलं. रोजची नोंद, रोजची सही, खाडाखोड म्हणून नाही. माणूस खूश झाला.

"दो साल से एक बूँद नहीं," ते काळजीने म्हणाले. "यहाँ तो यह कोर्स चलना ही चाहिए."

कुंदाने आपली वही पुढे केली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "इस पर विभाग का ठप्पा कहाँ है?"

भय्यासाहेब तिच्या कानाशी आले. "काहून घोळ करून राहिल्या? कोर्स बचावून राहिला ना? रजिस्टर बरोबर आहे म्हणून सही करा, चलो."

कुंदाला भयंकर चीड आली, स्वतःचीसुद्धा. पण डोळ्यांपुढे त्या अकरा पोरी होत्या. तिने सही केली.

वर्गात मझौली गावची नर्मदा ओली ओढणी पिळत बसली होती. "मॅडम, प्रॅक्टिकलच्या वहीत आजचा पाऊस किती लिहू?"

दिसेल तेच लिहायचं, हे कुंदानेच तिला शिकवलं होतं.

"शून्य लिही बेटा."

नर्मदाने खिडकीबाहेर पाहिलं, मग मॅडमकडे, आणि लिहिलं. बाकीच्या दहाजणींनी तिचं पाहून उतरवून घेतलं.