हवालदारांची शिट्टी आणि नवे पदक

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्यावरचा चकचकीत मुलामा केव्हाच उडाला. माझ्या पोटात बुचाची एक छोटी गोटी आहे. कुणी मला फुंकले की ती गरगर फिरते आणि माझा आवाज थरथरतो. मित्रांनो, तो आवाज ऐकून तुम्हीही रस्त्यात कधीतरी जागच्या जागी थांबला असाल.

कारखान्यातून निघाले ती मी थेट एका हवालदारांच्या गळ्यात आले. शाळेसमोरच्या चौकात आम्ही दोघांनी उन्हातान्हात काम केले. "हवालदारांची शिट्टी दोन गल्ल्यांपलीकडून ओळखू येते," असे लोक म्हणत आणि मी सुखावत असे. एका सकाळी ब्रेक निकामी झालेला ट्रक मुलांच्या अंगावर आला. हवालदारांनी मला जिवाच्या आकांताने फुंकले, मुलांना मागे ढकलले, आणि माझा सूर मध्येच तुटला. मुले वाचली. ते गेले.

पुढे त्यांच्या चर्चमध्ये स्मरणप्रार्थना ठरली. दोन मिनिटांचे मौन संपले की मला वाजवायचे आणि तोवर मला त्यांच्या फोटोशेजारी ठेवायचे, असे ठाण्यातल्या लोकांनी ठरवले. त्या मानाच्या आशेवर मी दिवस काढले.

पण आदल्या दिवशी हवालदारांच्या बहिणीने मला त्यांच्या पत्नीच्या हातात पाहिले.

"वहिनी, किती कळकट झालीय ही. चारचौघांत मांडायची वस्तू, जरा उजळू दे."

तिने मायेपोटी मला गरम साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवले. वरून मी लखलखले, पण पोटातली गोटी पाणी पिऊन फुगली आणि अडकून बसली.

चर्चच्या दारात हवालदारांच्या जोडीदार शिपायाने मला वाजवून पाहिले. नुसती फुसफुस.

"हिला सर्दी झालीय," तो म्हणाला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "वहिनी, राहू दे तुमच्या पर्समध्येच. मौन संपल्यावर चर्चची घंटा वाजवू."

पर्स अर्धवट उघडी होती. तिच्या फटीतून मला माझी जागा दिसत होती, आणि त्या जागेवर मखमली उशीवर एक नवेकोरे पदक ऐटीत पहुडले होते. हवालदार गेल्यानंतर घडवलेले पदक. त्याने त्यांच्या घामाचा एक थेंबही पाहिला नव्हता. तरी मोठ्या साहेबांनी सलाम ठोकला तो त्याच्या दिशेने. फादर बोलताना त्याच्याकडे हात करत होते. मेणबत्त्यासुद्धा जणू त्याच्यासाठीच जळत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मौन संपल्याची घंटा घुमली, तेव्हा तर वाटले, हिला तडा जावा.

सगळे उठले. हवालदारांच्या पत्नीने पदक उचलले आणि नेमके माझ्याच शेजारी ठेवून पर्स बंद केली. मी अंग चोरून घेतले.

थोड्या वेळाने पदक हळूच म्हणाले, "ताई, एक विचारू? हवालदार कसे होते गं?"

मी पाठ फिरवली.

"सगळे माझ्याकडे बघून रडतात. मला कळतच नाही, कुणासाठी. तुझ्या टोकावर हे दातांचे व्रण आहेत, ते त्यांचेच ना? माझ्यावर नुसता त्यांचा बिल्ला क्रमांक कोरलाय."

जिचा हेवा करावा अशी मी आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. तरी हवालदार मला एकटीलाच हवे होते. पण मी मुकी झाले होते आणि फुंकणारे परत येणार नव्हते. आता मीही गप्प राहिले, तर ते कसे होते हे कुणाला कळणार?

मित्रांनो, जुनी वस्तू उजळण्याआधी ती कशी चालते हे जरूर समजून घ्या. आणि गेलेल्या माणसाविषयी कुणी विचारले, तर त्याला आपल्यापुरते दडवून ठेवू नका. मला ते जड गेले, पण शेवटी मी पदकाकडे वळले.

"ऐक," मी म्हणाले. "त्यांना गाता मुळीच येत नसे. तरी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने तेच गात."