दिशा बापाला ओळखेना

जावई प्रीतम मला पाण्यात पाहतो, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. मीही काही त्याला ओवाळत बसत नाही. ऐश्वर्या पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे टिटवाळ्याला आली, तेव्हापासून तो दर रविवारी कोपरीहून येतो आणि माझ्या हातातली पोर नीट तपासून घेतो. जशी काही मी तिला उपाशी ठेवते!

नात मात्र त्याच्यावर भारी खूश. नजर धरायला लागली ती त्याच्याच तोंडावर. पुढे तो दारात दिसला की दिशा दोन्ही पाय झाडायची आणि घेतलं की त्याच्या झुबकेदार मिशा मुठीत धरून ओढायची.

मग त्याचे वडील गेले. ऐश्वर्या जाऊन आली. तान्ह्या पोरीला गर्दीत नको म्हणून विहीणबाईंनीच तिला परत पाठवली. दिवसकार्य आटोपून प्रीतम आला तो मुंडण करून, डोक्यावर टोपी, तोंड सोललेल्या बटाट्यासारखं. पाय धुऊन त्याने हात पुढे केले. दिशाने टक लावून पाहिलं, खालचा ओठ काढला आणि अशी किंचाळली की शेजारीण धावून आली.

"आई, काय शिकवलंत हिला?"

"चार महिन्यांच्या पोरीला शिकवायला मी क्लास काढलाय का?"

"मयूर खेळवतो ना रोज? मामालाच बाप समजत असेल."

मयूर माझा मुलगा. त्याच्यावरही संशय! मला तर वेगळीच शंका. स्मशानातून काहीतरी ह्याच्या मागे आलेलं असणार. मी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. टोपी काढायला लावली, तर पोर दुप्पट रडली.

तो भिंतीकडे तोंड करून बसला. "बाबा गेले. आता हिलाही मी नको. ऐश्वर्या, मी आहे तरी कोणाचा?"

दिशा एकदम गप्प. मान वळवून आवाज कुठून येतोय ते शोधायला लागली. तो वळला, की पुन्हा भोकाड.

"तिच्याकडे रोखून बघू नकोस, डोळे मिट," ऐश्वर्या त्याला म्हणाली. "आणि बोलत राहा. काहीही बोल."

तिने पोरीला त्याच्या मांडीवर ठेवलं. तो वडिलांबद्दल बोलायला लागला, त्यांना हिला कोपरीभर मिरवायचं होतं, असलं काहीतरी. दिशा ऐकत राहिली. मग तिचा हात वर गेला, त्याच्या ओठाच्या वर चाचपू लागला. डावीकडे, उजवीकडे. नुसते खुंट लागले, तरी ती चिमटीत धरायला बघत होती.

"मिशा शोधतेय रे," ऐश्वर्या म्हणाली.

वडील गेल्यापासून पोरगा एकदाही रडला नाही, असं विहीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या. तो आता रडला, पोरीची मूठ ओठांवर धरून.

निघताना म्हणाला, "आई, मिशा येईपर्यंत रोज येतो. खंड पडला तर पुन्हा परका होईन."

कोपरीहून रोज, कामावरून सुटल्यावर!

"या," मी म्हटलं. "जेवायलाच या."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"खरंच या," मी म्हटलं.