सोफ्याचं कव्हर

"बसा मामंजी," म्हणत सुनेने पत्र्याच्या ट्रंकेवर उशी ठेवली. चार मजले चढून धापा टाकणाऱ्या अप्पांनी आधी उशीकडे पाहिलं, मग खोलीकडे. खोली बघून व्हायला वेळ लागला नाही. दहा बाय दहाची खोली, त्यात नवरा-बायको, दोन मुली आणि आता अप्पा. सगळ्या मजल्याच्या एकुलत्या एक संडासाची रांग तर त्यांना जिन्यातच भेटली होती.

अप्पांच्या मुलाला तोंड कुठे लपवू असं झालं. परमुलुखात येऊन सात वर्षं तो फर्निचरच्या दुकानात हमाली करत होता. गेल्या वर्षी मालक जेवायला गेल्याचं बघून त्याने बायकोपोरींना तिथल्या हिरव्या सोफ्यावर बसवलं, फोटो काढला आणि मागे 'आमचं घर' असं लिहून गावी धाडून दिला. थाप ती केवढीशी! म्हातारा इतक्या लांब येईल असं कुणाच्या ध्यानीमनी होतं?

अप्पांनी बोचक्यातून एक जाडजूड घडी काढली.

"तुझ्या आईने विणलंय, सोफ्यासाठी. फोटोतल्या पोरीच्या हातावरून माप धरलं म्हणे. सहा महिने डोळे फोडत बसली होती."

धाकटी पटकन बोलून गेली.

"आजोबा, तो सोफा बाबांच्या दुकानात असतो."

सुनेने तिला चिमटा काढला, पण आता काय उपयोग! "बरं," एवढंच म्हणून अप्पांनी घडी परत ठेवली आणि पाणी मागितलं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मुलाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एक कपाट पोचवून दुकानात परतला, तर अप्पा त्याचा डबा घेऊन हजर. हिरव्या सोफ्यावर आईचं कव्हर पसरलेलं, अप्पा वाकून कोपरे ओढताहेत आणि मालक कमरेवर हात ठेवून बघतोय.

"कोण रे हे?" मालकाने विचारलं.

"माझे वडील." त्याची मान काही वर झाली नाही.

"एवढं बघतो आणि काढतो, साहेब," अप्पा म्हणाले. मग मुलाकडे वळले. "बघ, कसं बसलंय. सुतभर इकडे नाही की तिकडे नाही."

"अप्पा, घरी चला ना."

"निघतोच. पण गावी गेल्या गेल्या ती विचारणार, माप जुळलं का. या वयात तिच्याशी खोटं कुठे बोलू?"

त्यांनी कव्हर उचललं आणि त्याचं दुसरं टोक मुलापुढे धरलं. मुलाने हात पँटला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मग ते टोक धरलं.