बारा शतांश

मुलाखतीत आपल्याच कामाबद्दल विचारलं तर अडखळायला नको, एवढ्याचसाठी तिने त्या सकाळी दोन वर्षांपूर्वीची फाइल उघडली. साडेआठ वाजले होते. खात्यात अजून कुणी आलं नव्हतं. सफाईवाला फरशी पुसत होता, म्हणून ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती.

विमानांचे जनरेटर बनवणाऱ्या कंपनीत तिला नऊ वर्षं झाली होती. इंजिन जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर विमानातलं सगळं चालतं. जनरेटरच्या पोटात फिरणारा भाग म्हणजे रोटर. तो तिच्याकडे होता. मिनिटाला चोवीस हजार फेरे घेताना त्यावरची तांब्याची वेटोळी बाहेर भिरकावली जाऊ नयेत म्हणून टोकांवर पोलादी कडं बसवतात. कडं मुद्दाम जरा लहान करायचं, भट्टीत तापवून फुगवायचं आणि चढवायचं. गार झालं की ते करकचून बसतं. नेमकं किती लहान करायचं, त्यावर सगळा खेळ. तो आकडा ती काढायची. केसाच्या जाडीवरून कारागिरांशी भांडते म्हणून सगळे तिला मायक्रॉन म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

नव्या मोठ्या जनरेटरच्या गटाची प्रमुख कोण, हे अकराच्या मुलाखतीत ठरणार होतं. उमेदवार दोनच होते, आणि कॅन्टीनपासून गेटपर्यंत सगळ्यांनी तिलाच निवडून टाकलं होतं.

तेराव्या पानावर तिची नजर थबकली. कडं लहान करायचं: बारा शतांश मिलिमीटर. गणितात हा आकडा त्रिज्येचा होता. शेजारी उघडलेल्या ड्रॉइंगवर तोच आकडा व्यासासमोर होता. व्यासाला चोवीस हवे होते.

म्हणजे कडं हवं त्याच्या निम्म्याच जोराने बसलं होतं.

तिने डोळे चोळले. उठून पाणी प्यायली. मधे कुठेतरी कुणीतरी दुप्पट केलं असेल, असं म्हणत तिने एकेक पान मागेपुढे केलं. कुणीही केलं नव्हतं. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात काढणारी म्हणून तिची सही होती आणि तपासणारे म्हणून खात्याच्या साहेबांची.

या ड्रॉइंगवरून चार जनरेटर झाले होते. दोन फडताळावर होते. दोन चाचणीच्या विमानावर, डाव्या आणि उजव्या इंजिनाला एकेक. त्या विमानाची सहा उड्डाणं झाली होती आणि सातवं आज दुपारी तीनला होतं. आज पहिल्यांदा इंजिनं पूर्ण वेगाला नेणार होते. ज्या वेगाला कडं फुगून त्याची पकड सगळ्यात सैल होते, तोच वेग.

तिच्या मनात पहिल्यांदा विमान आलं नाही, मुलाखत आली. तीनला अजून साडेसहा तास आहेत. बारापर्यंत मुलाखत उरकेल. बाराला सांगितलं तरी तीन तास हातात राहतात. हा हिशेब तिने मनात इतक्या झटपट मांडला की तिची तिलाच भीती वाटली. तरी तिने तो खोडला नाही.

त्याऐवजी ती खाली चाचणीघरात गेली. तिथल्या फोरमनकडे प्रत्येक रोटरची नोंदवही असायची. रोटर नेहमीच्या वेगापेक्षा वर नेऊन बघायची चाचणी याच कड्यांनी पार केली होती, हे तिला आठवत होतं. तेवढाच आधार होता.

"पास झालेत चारही," फोरमन म्हणाला. "का हो, मायक्रॉनबाई? आज तर तुम्ही नटूनथटून वर बसायचं, आणि इथे ग्रीस लावून घ्यायला आलात?"

"गरम करूनच चालवले होते ना?"

फोरमनने वहीची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "त्या महिन्यात तेलाचा हीटर जळलेला. थंडच चालवले. तुम्हीच तर परवानगी दिलीत."

ओळीपुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'गरम चाचणीची गरज नाही.' तेव्हा घाई होती. मार्जिन भरपूर आहे, असं तिला वाटत होतं. कड्याचं पोलाद गरम झालं की खालच्या रोटरपेक्षा जास्त फुगतं, हे तिला माहीत होतं. पण दुप्पट पकड आहे म्हटल्यावर तिने फार विचार केला नव्हता.

"काही भानगड आहे का?" फोरमनने विचारलं.

"बघते," ती म्हणाली. आणि ती जिना चढून वर आली.

दहाला बाबांचा फोन आला. चाळीस वर्षं त्यांनी बाजारातल्या एका गाळ्यात जळालेल्या मोटरी नव्याने बांधून दिल्या होत्या. पंखे, पंप, पिठाच्या गिरण्या. लेक विमानाच्या मोटरी बांधते, असं ते भेटेल त्याला सांगत आणि मोटर नाही, जनरेटर, हे तिचं म्हणणं कानाआड करत.

"काय गं, आलाय का पोटात गोळा?"

"बाबा, तुमच्याकडून कधी मोटर चुकीची बांधली गेली होती?"

"कधी म्हणजे? अगं, ढीगभर! दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं, शिव्यांची लाखोली वाहत. तुझं आपलं बरं आहे. तुझं गिऱ्हाईक वर आकाशात. शिव्या घातल्या तरी ऐकू यायच्या नाहीत." ते आपल्याच विनोदावर खोखो हसले.

तिला हसू आलं नाही. फोन ठेवला आणि ती तडक साहेबांच्या केबिनकडे गेली. केबिन रिकामी होती. साहेब वरच्या मजल्यावर मुलाखती घ्यायला बसले होते, दुसरा उमेदवार आत होता आणि साहेबांचा मोबाइल बंद होता. ती दाराबाहेरच्या बाकावर बसली. दारावर टकटक करायला हात दोनदा उचलला. दोन्ही वेळा आतून हसण्याचा आवाज आला आणि हात खाली आला. तीनला अजून वेळ आहे, तीनला अजून वेळ आहे, असं ती स्वतःला बजावत राहिली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिला आत बोलावलं. टेबलामागे तिघं होते: मुख्य कार्यालयातून आलेले डायरेक्टर, एचआरच्या मॅडम आणि साहेब.

"या, बसा," डायरेक्टर म्हणाले.

ती बसली नाही. "सर, रोटरच्या कड्याचा माझा आकडा चुकलाय. त्रिज्येचा आकडा व्यासासमोर गेलाय. पकड निम्मीच आहे. आजचं उड्डाण थांबवा."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "दुपारी वारा वाढणार म्हणून विमानतळावरच्यांनी वेळ अलीकडे घेतली. साडेदहालाच उडालंय."

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तुमच्या कधी लक्षात आलं?" डायरेक्टरांनी विचारलं.

"साडेआठला."

डायरेक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला, पण तो उचलायचं धाडस तिला झालं नाही.

साहेबांनी विमानतळावरच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पूर्ण वेगाची चाचणी झाली?"

"आता पाच मिनिटांत," पलीकडून आवाज आला.

"करू नका. इंजिनांचा वेग वाढवू नका. जनरेटरमध्ये दोष आहे."

"बरं. मग करायचं काय? इंजिनं तर बंद करता येत नाहीत."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. कॉकपिटमधल्या एका बटणाने जनरेटर इंजिनापासून सोडवता येतो आणि तो थांबतो. पण एकदा सोडवला की जमिनीवर आल्याशिवाय परत जोडता येत नाही. दोन्ही सोडवले तर उरतो शेपटीतला छोटा जनरेटर, स्वतःच्या वेगळ्या इंजिनावरचा, जो हवेत चालू करावा लागतो, आणि तो नाही चालला तर फक्त बॅटरी. अर्धा तास, फार तर.

"एक सोडवायचा की दोन्ही?" साहेबांनी विचारलं. "बोल. तुझा रोटर आहे."

आतापर्यंत तिच्या डोक्यात नुसता गोंधळ होता. प्रश्न समोर आला आणि गोंधळ थांबला. भीती गेली नाही, पण बाजूला उभी राहिली.

"आधी शेपटीतला चालू करायचा. त्याने सगळा भार घेतला, हे दिसल्याशिवाय काही सोडवायचं नाही. मग उजवा, मग डावा. नाहीच चालला, तर कशाला हात न लावता कमी वेगात परत यायचं. कमी वेगाला कडं टिकेल."

"टिकेल?" डायरेक्टरांनी विचारलं.

"टिकायला हवं," ती म्हणाली. याहून जास्त खात्री तिच्याकडे नव्हती आणि खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

नियंत्रण कक्षाने निरोप वर दिला. मग खोलीत एअर कंडिशनरची घरघर तेवढी चालू होती, आणि तिला प्रत्येक क्षणी वाटत होतं की त्या घरघरीचा सूर आता बदलणार.

"शेपटीतला चालू होत नाहीये," स्पीकरमधून आवाज आला. "हवा विरळ आहे. खाली येऊन पुन्हा बघतायत."

सहा मिनिटं गेली. मॅडम नखांनी टेबल टोकरत होत्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला.

"चालू झाला. भार घेतलाय." पुढे आकडे वाचून दाखवले. तिने मान हलवली, मग पलीकडच्याला मान दिसत नाही हे लक्षात येऊन ओरडलीच, "ठीक आहे! उजवा सोडवा!"

उजवा सुटला. डावा सुटला. अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांनी विमान धावपट्टीवर टेकलं. साहेबांनी फोन ठेवला. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोन्ही जनरेटर चाचणीघरात आणून उघडले. कडं बसवल्यावर कडं आणि रोटर यांच्यावरून पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढतात. कडं सरकलं की रेघ तुटते. डाव्याची रेघ अखंड होती. फोरमनने उजव्यावर टॉर्चचा झोत धरला आणि जिभेने चक् केलं. रेघ तुटली होती. दोन तुकड्यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडलं होतं.

"अजून थोडं सरकलं असतं तर, मायक्रॉनबाई," तो म्हणाला.

चौकशी तीन आठवडे चालली. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "तपासणीची सही माझी आहे. मी तपासलं नव्हतं. तिच्यावर विश्वास ठेवला आणि सही ठोकली." त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती, आयुष्यभर त्यांनी चूक कुणाचीही असो, आपल्या टेबलापासून लांब ठेवली होती. तिनेही त्या सकाळच्या अडीच तासांचा सगळा तपशील लिहून दिला, बाकावर बसून हात खाली घेतला होता तोसुद्धा. तो कुणी मागितला नव्हता.

प्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली. एक वर्ष तिला कुठल्याही ड्रॉइंगवर एकटीने सही करता येणार नव्हती. नोकरी राहिली. साहेब मुदतीआधीच निवृत्त झाले.

बाबांना तिने त्याच आठवड्यातल्या रविवारी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या गिऱ्हाइकाची फार तर पाण्याची टाकी रिकामी राहायची गं." आणि त्यांनी पुन्हा कधी तिच्या कामावर विनोद केला नाही. विनोद थांबल्याचं तिला जास्त लागलं.

नवी कडी चोवीस शतांश लहान केली. या वेळी दोघांनी वेगवेगळं गणित केलं आणि चाचणी गरम झाली. तरी ती रोज ड्रॉइंग उघडून तो आकडा बघायची. घरी गॅस बंद केलाय का, हे बघायला जिन्यावरून परत यायची. झोपेत दात खायची.

दोन महिन्यांनी त्या विमानाच्या वैमानिक कारखान्यात आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, ठसठशीत आवाजाच्या. त्यांना ते कडं बघायचं होतं. तिने ते कपाटातून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, बांगडीसारखं मनगटावरून कोपरापर्यंत सरकवून बघितलं.

"एवढंसंच?"

"हो."

"आणि तुम्हाला साडेआठला कळलं होतं."

"हो. मी घाबरले होते. मला ती जागा हवी होती."

वैमानिकांनी कडं टेबलावर ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. टेबलावरची पेन्सिल घेतली, ड्रॉइंगच्या कोऱ्या समासात आपला नंबर लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली.

"पुढच्या वेळी साहेब शोधत बसू नका. मला फोन करा. मी उतरून येईन, मग कुणाची चूक ते बघू."

"पुढची वेळ येऊ नये," ती म्हणाली.

"येते," वैमानिक म्हणाल्या. "नवं उड्डाण परवा आहे. येणार ना बघायला?"

ती गेली. कुंपणाजवळ उभी राहिली आणि विमान परत टेकेपर्यंत तिथून हलली नाही.