दिवेलागणीचा आवाज

“आई, धरणाच्या वळणावर माज्या गाडीचा आवाज आला ना, की तवा ठेवत जा. मी दारात येईस्तोवर भाकरी फुगली पायजे,” दिग्विजय म्हणायचा.

रजनीने तवा ठेवला. थापलेली भाकरी हातावर घेतली आणि मग तिच्या ध्यानात आले, आवाज वळणावरून नाही, अंगणातूनच येतो आहे. रोजचेच होते. तरी रोज हात फसायचा.

बाहेर तिचे मालक, दादासाहेब, मोटारसायकल स्टँडवर लावून मूठ पिळत होते. दिग्विजय कामावरून यायचा ती हीच वेळ. ऐन श्रावणात काविळीने पोरगा गेला, तेव्हापासून ते रोज दिवेलागणीला त्याची गाडी चालू करायचे. बसायचे नाहीत, कुठे जायचे नाहीत. आवाज घरभर, शिवारभर फिरू द्यायचे आणि मग चावी फिरवायचे.

आणि याच आवाजावरून बापलेकांची वर्षभर जुंपायची. दिग्विजयने शेजारच्या नेरे गावातल्या गॅरेजात कंपनीचा सायलेन्सर काढून नुसती पोकळ नळी बसवून घेतली होती. जुन्याच्या आत धुरातले विष गाळणारी जाळी असते, ती गेली की गाडी कशी पाखरासारखी पळते, असे तो मोठ्या कौतुकाने सांगायचा.

“गाडी हाय का भाताची गिरण?” दादासाहेब ओरडायचे. “चांगली वस्तू काढून नळकांडं लावलंय गाढवानं!”

आवाज थांबला. अंगणात निळसर धूर तरंगत राहिला.

स्वयंपाकघराच्या दारात शुभांगी येऊन उभी होती, कडेवर तान्ही किमया. अंगणाला लागून बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांपैकी पहिली तिची. ती आणि तिचा नवरा लातूरकडचे, दोघेही हिंजवडीत कामाला.

“काकू, महिनाअखेर खोली सोडतोय आम्ही.”

“का गं? पाणी पुरंना का?”

“नाही हो. ऑफिस लांब पडतंय.”

ऑफिसांच्या इमारतींचे दिवे तर अंगणातूनच दिसत होते. हात धुऊन रजनीने पोर घेतली, खांद्याशी धरली. पोरीची छाती घरघरत होती. झबल्याला धुराचा उग्र वास येत होता.

“हे कदीपासनं?”

“डॉक्टर म्हणतात, धुरापासून जपा.” शुभांगीने मान खाली घातली. “काकांना सांगू नका. त्यांना कोणत्या तोंडानं थांबवू मी?”

रजनी किमयाला घेऊन तिच्या खोलीपर्यंत गेली. खिडकीच्या फटीत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या होत्या. इतके दिवस तिला वाटत होते, डासांसाठी असतील.

शुभांगीचे डोहाळजेवण याच अंगणात झाले होते. माहेर लांब, म्हणून रजनीनेच ओटी भरली होती. तेव्हा दिग्विजय पानात जिलेबी वाढता वाढता म्हणाला होता, “ताई, भाची घरी यायच्या आत जुना सायलेन्सर बसवतो. शब्द हाय माजा.”

“भाचीच कशावरून रे?” शुभांगीने विचारले होते.

“भाचा झाला तर गाडी मागंल ना!”

सगळे हसले होते. दादासाहेबही.

रात्रीच्या ताटावर रजनीने विषय काढला.

“अवो, दिगूनं शुभांगीला शब्द दिलावता.”

दादासाहेबांचा घास हातातच राहिला.

“पोरीची छाती भरलीया. धुरानं.”

“शुभांगी म्हनली?”

“ती कशाला म्हनंल? मुकाट खोली सोडून चाललीया.”

“मंग दिवेलागनीला मी काय ऐकू?” दादासाहेब म्हणाले.

रजनीने आमटी वाढली. त्यांनी नको म्हटले नाही आणि खाल्लीही नाही. भांडी घासताना तिने मधेच नळ बंद केला, कान देऊन उभी राहिली. अंगण गप्प होते.

सकाळी, सोमवारच्या पूजेला फुले तोडून ती मागच्या दाराने आली, तर माळ्याला शिडी लागलेली. दादासाहेबांनी पोत्यात गुंडाळलेला जुना सायलेन्सर गाडीच्या मागच्या सीटवर सुतळीने आवळून बांधला होता.

“नेऱ्याला जातो,” ते म्हणाले. “बसवून आनतो.”

तिने मान हलवली.

त्यांनी चावी लावली. मग थांबले. लहान मुलाने काहीतरी मागावे तसे तिच्याकडे बघितले.

“एकदा हितंच चालू करू? शेवटचं?”

रजनीचा हात आपसूक हँडलवर गेला. मूठ थंडगार होती. एवढ्या दिवसांत तिने गाडीला हात लावला नव्हता. पलीकडच्या खोलीतली पाळण्याची करकर नुकतीच थांबली होती.

“नगं,” ती म्हणाली. “पोर आत्ताच निजलीया.”

दादासाहेबांनी चावी काढून खिशात टाकली. खडखड होऊ नये म्हणून स्टँड पायाने हळूच वर घेतला आणि गाडी ढकलू लागले. फाटकाशी चढ होता. तिथे चाक अडले. त्यांनी खांदा लावला, पण गाडी मागेच येऊ लागली.

रजनीने फुलांची परडी ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि मागून दोन्ही हात लावले.