चौथ्या रकान्यातलं "नाही"

परीक्षेच्या दिवशी सकाळी सहाला इस्त्रीताईनं खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि कुंड्यांवर वाकून बघितलं. खिडकीत घेवड्याच्या चार कुंड्या होत्या. दोन कुंड्यांत नुसती माती होती, आणि दोन कुंड्यांत त्याच मातीत घोड्याच्या लिदीचं खत मिसळलेलं. नुसत्या मातीतला घेवडा ताठ होता, पानं तळहातासारखी सपाट. खतातल्या दोन्ही रोपांची नवी पानं मात्र वाटीसारखी आत वळली होती आणि शेंडे मुरगळले होते. परवापर्यंत चारही रोपं सारखी दिसत होती, म्हणून तर ती निर्धास्त होती.

वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री केली, म्हणून वर्गात तिचं नाव इस्त्रीताई पडलं. तिथल्या वाफेनं आणि औषधांच्या वासानं छातीचं पार भजं झालं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की हे काम सोडा नाहीतर माझ्याकडे येणं सोडू नका. तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी बाई दप्तर घेऊन सेंद्रिय शेतीच्या पहिल्या पायरीच्या वर्गात जाऊन बसली. नऊ महिने तिनं वाफे खणले, किडी ओळखल्या, वह्या भरल्या. आता एका वृद्धाश्रमाची भाजीबाग तिच्यासाठी रिकामी होती. पंधरा तारखेपर्यंत प्रमाणपत्र दाखवा आणि कामाला लागा, असं तिथल्या व्यवस्थापिका म्हणाल्या होत्या. प्रमाणपत्र नाही मिळालं, तर पुन्हा इस्त्री, पुन्हा ती वाफ.

आणि ते खत तिनंच आणलं होतं.

म्हणजे भाऊजींनी पाठवलं होतं. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा घोड्यांचा तबेला होता. मेहुणी शेती शिकतेय म्हटल्यावर त्यांनी न मागता ट्रॉलीभर कुजलेली लीद प्रशिक्षण केंद्राच्या दारात ओतली. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. सरांनी ढिगात हात घालून वास घेतला आणि म्हणाले, "वा! सोनं आहे." मग नोंदवही पुढे आली. बाहेरून जे जे येईल, त्याची त्या वहीत नोंद करायची. काय आणलं, किती आणलं, कुठून आणलं, आणि चौथ्या रकान्यात एक प्रश्न: जनावरांच्या चाऱ्यावर तणनाशक फवारलं होतं का? मालकाला विचारून लिहा.

तिनं विचारलं नाही. "नाही" असं लिहून खाली सही ठोकली.

आता हे वाचून कुणी म्हणेल, एवढा साधा प्रश्न विचारायला काय झालं होतं? ज्यांना असे भाऊजी नाहीत, त्यांनी खुशाल म्हणावं. या गृहस्थांच्या नाकाला मिरच्या झोंबायला कारण लागत नसे. एकदा तिनं त्यांच्याकडे जेवताना मीठ मागितलं, तर दोन महिने बोलणं बंद. अशा माणसानं आपणहून दिलेल्या वस्तूबद्दल "त्यात विष तर नाही ना?" असं विचारायचं, आणि मग बहिणीनं वर्षभर भोगायचं! त्यापेक्षा ती "नाही" लिहून मोकळी झाली. घरचाच माणूस, तो कशाला वाईट देईल?

वाईट कुणी दिलंच नव्हतं. पण केंद्रात ते खत घातलेल्या तिच्या सरावाच्या वाफ्यातल्या टोमॅटोची पानं वळायला लागली, तेव्हा तिला वर्गातला धडा आठवला. काही तणनाशकं गवतावर पडली की गवताला काही होत नाही, ते खाणाऱ्या घोड्यालाही काही होत नाही. ती घोड्याच्या पोटातून तशीच्या तशी बाहेर येतात, खतात बसून राहतात आणि टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांचा गळा धरतात. ओळखायची रीत एकच, त्या खतात घेवडा लावून बघायचा. सर म्हणाले होते, "ऊन लागलंय टोमॅटोला, काळजी करू नका." तरी तिनं कुणाला न सांगता घरी चार कुंड्या भरल्या होत्या.

तिनं भाऊजींना फोन लावला.

"एवढ्या सकाळी? सगळं बरं आहे ना?"

"भाऊजी, एक विचारायचं होतं. घोड्यांना जे गवत घालता, त्यावर काही फवारता का हो?"

"म्हणजे काय? फवारावंच लागतं. रुंद पानांचं तण माजलं की घोडी तोंड लावत नाहीत. वर्षातून एकदाच मारतो. का गं?"

"काही नाही. सहज."

"सहज कुणी सहा वाजता फोन करतं का? आमच्या खताला नावं ठेवतंय का कुणी?"

"नाही हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा तेच "नाही"! तिला स्वतःची लाज वाटली.

केंद्रावर पोहोचायला तिला साडेनऊ वाजले. बस चुकली, मग ती अर्धा रस्ता जवळजवळ पळत आली, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. फाटकातूनच तिला दिसायचं ते दिसलं. परीक्षेचे नऊ वाफे दोऱ्या लावून आखले होते, आणि प्रत्येक वाफ्याशी खताची एकेक ढकलगाडी भरून उभी होती. तिचंच खत. चांगलं कुजलंय म्हणून सरांनी ते खास परीक्षेसाठी राखून ठेवलं होतं.

तिनं सरांना पाण्याच्या टाकीमागे गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"नक्की?"

"घेवडा वळलाय, सर. आणि भाऊजी स्वतः म्हणाले, फवारतात म्हणून."

"मग त्या वेळी विचारलं का नाहीत?"

सरांनी मान वळवून फाटकाकडे बघितलं. परीक्षक बाईंची गाडी आत येत होती.

"हे बघा," सर आवाज खाली आणून म्हणाले, "खोट्या नोंदीला नापास, हा नियम मीच पहिल्या दिवशी वाचून दाखवलाय. तुमच्या सहीखाली माझीही सही आहे. बाई बारापर्यंत जातील. आज कुणाच्या वाफ्यात काही दिसणार नाहीये. त्या गेल्या की आपण सगळं खत काढून टाकू. कुणाला काही कळायचं नाही."

वाईट माणूस नव्हता तो. नऊ महिने त्यानं जीव तोडून शिकवलं होतं, आणि त्याचं म्हणणं ऐकायला किती गोड होतं! तिनं मान डोलावली. खोटं कशाला सांगायचं, तिनं मान डोलावली आणि जाऊन आपल्या सात नंबरच्या वाफ्याशी उभी राहिली.

परीक्षक बाई उंच, सडपातळ आणि अजिबात न हसणाऱ्या होत्या. "वाफा तयार करा, खत मिसळा, टोमॅटोची चार रोपं लावा. मी मध्ये प्रश्न विचारेन. तास सुरू," असं म्हणून त्यांनी घड्याळ बघितलं. फावड्यांचे आवाज सुरू झाले. इस्त्रीताईनं फावडं खतात घातलं आणि तिथंच थांबली. फावडं वर उचलेना. आता बारापर्यंत गप्प राहायचं. मग बारानंतर कुणाला काय सांगायचं? सर काढून टाकतील? नऊ वाफ्यांतली वीतभर माती एकटे सर उपसणार? की पुढच्या वर्षीपर्यंत तसंच राहू द्यायचं, आणि पुढच्या वर्षी नवी मुलं विचारतील, सर, आमचे टोमॅटो का वळले, आणि सर म्हणतील, ऊन लागलंय?

शेजारच्या आठ नंबरच्या वाफ्यावर ड्रायव्हरकाका होते. बासष्ट वर्षांचे निवृत्त बस ड्रायव्हर. या परीक्षेत दोनदा नापास झालेले, आणि त्याबद्दल स्वतःच सगळ्यांना सांगून हसवणारे. वेळेच्या आधी पोहोचणं ही त्यांची जुनी खोड. बाकीच्यांनी अजून गाडीला हात लावला नव्हता, तर काकांनी सगळं खत पसरून मातीत मिसळूनसुद्धा टाकलं होतं. आता ते गुडघ्यांवर बसून तळहातांनी ढेकळं फोडत होते. जीभ दातांत धरून, लहान मुलासारखे मन लावून.

"काय ताई, खत बघून डोळे भरले काय? तुमच्यामुळे या वेळी माझी गाडी मुक्कामाला पोहोचणार बघा," ते म्हणाले.

तिला ते सहन झालं नाही.

"थांबा!" ती ओरडली. आवाज इतका मोठा निघाला, की तीच दचकली. "कुणी खत टाकू नका. त्यात तणनाशक आहे."

सगळी फावडी थांबली. सरांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक बाई शांतपणे तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कशावरून म्हणता?"

तिनं चार कुंड्यांचं सांगितलं, टोमॅटोचं सांगितलं, फोनचं सांगितलं. बोलताना तिला खोकला आला, ती थांबली, परत बोलली. बाईंनी नोंदवही मागवली आणि पान उघडलं.

"इथं 'नाही' लिहिलंय. तुम्ही मालकाला विचारलं होतं?"

"नाही."

"मग लिहिलं कसं?"

"बहिणीचे यजमान आहेत. विचारायची भीती वाटली."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. सर पुढे आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "खाली सही माझी आहे," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही. वास घेतला आणि सही केली."

बाईंनी पेन तिच्या हातात दिलं. "नोंद दुरुस्त करा. तारीख घाला."

तिनं "नाही" वर रेघ मारली, पुढे "हो" लिहिलं. बाईंनी आपल्या यादीत सात नंबरसमोर काहीतरी लिहिलं. काय, ते विचारायची गरज नव्हती. वृद्धाश्रमाची बाग तिच्या डोळ्यांसमोरून गेली ती गेलीच.

"बाकीच्यांनी गाड्या बाहेर न्या," परीक्षक बाई म्हणाल्या. "पलीकडे पालापाचोळ्याच्या खताचा ढीग दिसतोय, तो वापरा. तास नव्यानं सुरू. आठ नंबर, तुम्ही मातीत मिसळलंय का?"

"हो," ड्रायव्हरकाका म्हणाले. त्यांचं हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

"मग वाफा साफ होईपर्यंत तुम्हाला रोपं लावता येणार नाहीत. जास्तीत जास्त अर्धा तास थांबते."

इस्त्रीताई पुढे झाली. घमेलं ओढलं आणि आठ नंबरच्या वाफ्यात फावडं मारलं. वीतभर माती काढायची होती, कडेपासून कडेपर्यंत. पहिलं घमेलं, दुसरं, पाचवं. छातीत शिट्टी वाजायला लागली, तरी ती थांबली नाही. काका गोंधळून बघत राहिले.

"अहो ताई, तुमची परीक्षा?"

"झाली माझी. तुम्ही बाजूला व्हा, तुमच्या बुटाला खत लागतंय."

मग काकांनीही फावडं घेतलं. थोड्या वेळानं सरांनी बाह्या मागे सारल्या आणि घमेली उचलायला लागले. सव्विसाव्या मिनिटाला वाफा मोकळा झाला. काकांनी पलीकडच्या ढिगातून पालापाचोळ्याचं खत आणलं, गाडी वाफ्याशी लावली आणि कपाळाचा घाम पुसला. इस्त्रीताई बांधावर बसली. आता तिला रडू आलं. नोकरीसाठी आलं, उद्याच्या इस्त्रीसाठी आलं, आणि संध्याकाळी भाऊजींना जे सांगायचं होतं, त्यासाठीही आलं.

"आठ नंबर, तुमची वेळ सुरू," परीक्षक बाई म्हणाल्या. "पहिला प्रश्न. या खतात कुठून कुठून आलेला पाला आहे? त्यावर काही फवारलं होतं का?"

ड्रायव्हरकाकांनी ढिगाकडे पाहिलं, बाईंच्या घड्याळाकडे पाहिलं. ढीग केंद्रातलाच होता. "नाही" म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती.

"माहीत नाही, बाई," काका म्हणाले. "ढीग लावणारा माळी त्या टोकाला आहे. थांबा, विचारून येतो."

आणि दोनदा नापास झालेला तो माणूस, घड्याळ चालू असताना, सगळा वर्ग बघत असताना, शेताच्या दुसऱ्या टोकाकडे चालत निघाला.