हिरवं की लाल

लेक रेवा देवाघरी गेल्यापासून कमलाकर रोज संध्याकाळी व्हीआरचा हेडसेट चढवून बसायचा. बापलेकीनं त्या गेममध्ये एक बेट वसवलं होतं आणि तिथं तिच्या रूपातली बाहुली अजून उभी होती. कॉम्प्युटरचं जुनं ग्राफिक्स कार्ड अडखळायचं, चित्र अडकत अडकत यायचं आणि त्याला गरगरायचं, म्हणून तरी तो जेवायला उठायचा.

"हिरव्या कंपनीचं कार्ड घेऊ की लाल कंपनीचं? दोन्ही जराही अडखळत नाहीत म्हणे. तूच देवीला कौल लाव," तो बायकोला म्हणाला.

कुमुदचा मंगळवारचा उपास होता. तिनं देवीच्या खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या, उजवी हिरव्याची, डावी लालची. उजवी टपकन पडली.

"झालं! देवीनंच सांगितलं." त्यानं लगेच फोनवरून हिरवं मागवलं. "आता मधेच उठायला नको."

देवी विचाराल तेवढंच सांगते, आणि कार्ड आणावं का, हे कुमुदनं विचारलंच नव्हतं.

"अहो, थांबा. मी पुन्हा विचारते."

"कौलावर कौल लावतात का, वेडे? उद्या सकाळी कार्ड घरी पोचतंय," तो हसून म्हणाला, आणि खोलीची कडी आतून नीट लागते का, ते पाहू लागला.